न सुचवलेली तपासणी: अपुऱ्या दिवसांच्या एका मुलीचा खटला

आमच्या ऑफिसात नवा ज्युनियर आला की वैद्यकीय निष्काळजीपणाची पहिली फाइल त्याच्या हातात देण्याआधी मी त्याला एक निकाल वाचायला लावतो. डोळे वेळेत न तपासल्यामुळे अंध झालेल्या मुलीसाठी तमिळनाडू सरकारविरुद्ध तिच्या वडिलांनी लढवलेला, सर्वोच्च न्यायालयाचा 1 जुलै 2015 चा निकाल. खंडपीठ न्या. जगदीशसिंह खेहर आणि न्या. शरद बोबडे यांचं. दोघेही पुढे सरन्यायाधीश झाले. निकाल लिहिला तो बोबड्यांनी, म्हणजे आपल्या नागपूरकरांनी. फार लांब नाही, तासाभरात वाचून होतो. वाचून झाला की मी एक कोरा फुलस्केप देतो आणि सांगतो, आता यातल्या तारखा एकाखाली एक उतरवून काढ. कलमं, दाखले नंतर. आधी तारखा.

मुलीचं, आईवडिलांचं आणि डॉक्टरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ती मुलगी आज तिशीला टेकलेली बाई आहे. निकालपत्रात तिचं जे आयुष्य उघडं पडलं तेवढं पुरे.

फुलस्केपवरच्या तारखा

30 ऑगस्ट 1996. चेन्नईच्या एग्मोरमधलं सरकारी महिला व बाल रुग्णालय. दिवस भरले नव्हते, 29व्या आठवड्यातच मुलगी झाली. वजन 1250 ग्रॅम. जन्मताच 90 ते 100 टक्के प्राणवायू द्यावा लागला. पहिले दहा दिवस तिचा श्वास मध्येच थांबायचा. आठवड्याने रक्त बदलावं लागलं. सुमारे पंचवीस दिवस काचेच्या पेटीत काढून 23 सप्टेंबरला मायलेकी घरी आल्या. इथपर्यंत वाचलं की कुणीही म्हणेल, डॉक्टरांनी बाळ वाचवलं. खरंच वाचवलं. हे मी मुद्दाम म्हणतो, कारण पुढे सगळा खटला यावर फिरतो.

डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी होत्या. आईला आत्मविश्वास आलेला आहे, धोक्याची लक्षणं समजावून दिली आहेत, अंगावरचं दूध चालू ठेवावं, आणि प्रसूतीनंतरच्या ओपीडीत मंगळवारी यावं. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

त्यानंतर 30 ऑक्टोबरला आई बाळाला घेऊन रुग्णालयात गेली, बाळ तेव्हा सुमारे नऊ आठवड्यांचं. चौथ्या आठवड्यापासून तेराव्यापर्यंत त्याच नवजात विभागातले एक डॉक्टर घरी येऊन बाळाला बघत होते. त्यांचा सल्ला एकच: बाळाला चार भिंतींच्या आत, निर्जंतुक खोलीत, वेगळं ठेवा. जंतुसंसर्गाची भीती. आईवडिलांनी तो पाळला. चौदा-पंधरा आठवड्यांची असताना विभागप्रमुखांनी तिला आपल्या पुरसैवाक्कमच्या खासगी दवाखान्यात तपासलं. तिथेही डोळे दाखवून घ्या असं कुणी म्हटलं नाही.

मग मुंबई. साडेचार महिन्यांची असताना तिला तिथे त्रिगुणी लस द्यायला नेलं, आणि लस द्यायला बसलेल्या बालरोगतज्ज्ञाला पहिल्यांदा शंका आली. मुद्दाम डोळे दाखवायला कुणी गेलंच नव्हतं. पुढे नेत्रतज्ज्ञांकडे फेऱ्या झाल्या, मुलीला अमेरिकेलाही नेलं. उपयोग झाला नाही, तोवर आजार शेवटच्या पायरीवर पोचला होता.

आता फुलस्केपवर दोन खुणा मी स्वतः लाल पेनाने करतो. चार आठवडे म्हणजे 27 सप्टेंबर. सहा आठवडे म्हणजे 11 ऑक्टोबर. या दोन तारखांच्या आसपास बाळाचे डोळे बघायला हवे होते. घरी येणाऱ्या डॉक्टरांचा काळ नेमका 27 सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होतो. 11 ऑक्टोबरला ते घरी येतच होते. 30 ऑक्टोबरला उशीर झालेला असला तरी वेळ पूर्ण गेलेली नव्हती. म्हणजे दोन डॉक्टर आणि तीन ठिकाणं, घर, रुग्णालय, दवाखाना. आईवडील कुठेही हरवले नव्हते, ते सतत डॉक्टरांच्या समोरच होते. हे पान पूर्ण झालं की ज्युनियर सहसा काही बोलत नाही.

पडद्यावर काय होतं

आजाराचं नाव रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, सगळे आरओपीच म्हणतात. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पोटातल्या बाळात मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू वाढत जातात आणि दिवस भरत येतात तेव्हा कुठे कडेला पोचतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळात त्या अर्ध्या वाटेवर असतात. बाहेरचा जास्तीचा प्राणवायू मिळाला की त्यांची वाढ खुंटते, त्या आक्रसतात. पडद्याचा कडेचा भाग उपाशी राहतो. काही आठवड्यांनी तोच भाग रक्त मागू लागतो आणि मग नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात. त्या गळतात, व्रण धरतात, व्रण आक्रसतात आणि पडदा ओढून काढतात. पाच पायऱ्या मोजतात. तिसऱ्या पायरीला लेझरने किंवा अतिशीत उपचाराने त्या वाहिन्या जाळून थांबवता येतात. चौथीलाही काही बाळांची मधली नजर वाचते. पाचवीला पडदा पूर्ण सुटून नरसाळ्यासारखा गोळा होतो.

वकील म्हणून यातलं एक वाक्य लक्षात ठेवायचं. बाळ हा आजार घेऊन जन्माला येत नाही. जन्मताना पडदा कच्चा असतो, पण त्या वयाच्या मानाने ठीक असतो. आजार नंतर, दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतो. बाहेरून काही दिसत नाही. बाळ दूध पितं, झोपतं, वजन वाढतं. आईला कळायचं काही कारणच नाही. बुबुळाच्या मध्याला पांढरी झाक दिसू लागते तेव्हा बहुतेक सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून इथे रुग्णाने तक्रार घेऊन यायची वाट बघणं चालत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करायची, डोक्याला दिवा लावून भिंगातून पडदा बघायचा, काही मिनिटांचं काम. पण ते कुणीतरी ठरवून करावं लागतं.

खटला कशावर उभा राहिला

अशा प्रकरणात आईवडिलांचा पहिला राग प्राणवायूवर असतो. जास्त दिला म्हणून डोळे गेले. मी त्यांना सांगतो, हा राग अर्जात उतरवू नका. सव्वा किलोचं, श्वास सोडणारं बाळ समोर असताना प्राणवायू द्यायचा की नाही हा प्रश्नच नसतो, आणि तो मुद्दा घेतलात की समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल, दिला नसता तर आज हा खटला लढायला मूलच नसतं. त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

या वडिलांचं बलस्थान वेगळं होतं. प्राणवायू दिला, रक्त बदललं, बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं: हे सगळं रुग्णालयालाच माहीत होतं, त्यांच्याच कागदावर होतं. म्हणजे धोका कुणाला आहे हे त्यांना कळत होतं. मग त्या धोक्याची तपासणी केली नाही, आणि करून घ्या असं सांगितलंही नाही. न्यायालयाने बोट ठेवलं ते या न करण्यावर. निष्काळजीपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोटात राहिलेला बोळा नाहीतर चुकीचं इंजेक्शन येतं. इथे हातून काही चुकीचं घडलेलंच नाही. घडायला हवं होतं ते घडलं नाही, आणि हे सिद्ध करणं जास्त अवघड असतं, कारण न झालेल्या गोष्टीचा कागद नसतो. ती दिसते फक्त तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत.

दुसरा बचाव कुठल्याही जुन्या प्रकरणात येतोच. आज हे ज्ञान आहे, तेव्हा कुठे होतं? त्याला उत्तर दिलं दिल्लीच्या एम्सने. राष्ट्रीय ग्राहक आयोगासमोर प्रकरण असताना तिथल्या डॉक्टरांच्या पथकाचा 2007 सालचा अहवाल आला. त्यात दोन्ही काळांचे निकष होते. अहवालाच्या वेळचा निकष असा की 1500 ग्रॅमच्या आतलं आणि 32 आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर पहिली तपासणी साधारण जन्मानंतर चार आठवड्यांनी. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे या मुलीच्या वेळी, हीच पहिली तपासणी जन्मानंतर दोन ते सहा आठवड्यांत करत. चार असो की सहा, दोन्ही खुणा फुलस्केपवर आहेत आणि दोन्हींसमोरची जागा कोरी आहे. तज्ज्ञांचा अहवाल कसा वापरायचा हे शिकायचं तर इथे शिकावं. त्या अहवालात कुणाला शिव्या नाहीत, कुणी निष्काळजी होतं असा शेराही लागत नाही. फक्त तपासणी कधी व्हायला हवी ते लिहिलंय, बाकीचं काम रुग्णालयाच्या तारखा करतात.

आपल्याकडे तज्ज्ञाचं मत मिळवणं हीच सर्वांत मोठी अडचण असते. एका गावातला डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध शपथपत्र द्यायला तयार होत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही, उद्या त्याला तिथेच प्रॅक्टिस करायची असते. मी अशा वेळी मत मागतच नाही, माहिती मागतो. या वजनाच्या, या आठवड्यांच्या बाळाची ही तपासणी कितव्या दिवशी करतात, एवढंच लेखी द्या. ते मिळतं. शिवाय प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ हवाच असंही नाही. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकरणात ते स्पष्ट केलंय.

जबाबदारी कुणाची, हा मुद्दा लवकर मिटला, आणि मिटवणारा दाखला आपल्या घरचा होता. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. तिच्या नवऱ्याने महाराष्ट्र सरकारविरुद्ध दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकला, उच्च न्यायालयात हरला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकला. सरकारी डॉक्टरांच्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारला द्यावी लागते, हे त्या निकालाने पक्कं केलं. तेहतीस वर्षं गेली त्या माणसाची. त्याच्या चिकाटीचा फायदा एग्मोरच्या मुलीला झाला.

पाच लाखांवरून

राष्ट्रीय आयोगाने निष्काळजीपणा मान्य केला आणि 2009 मध्ये भरपाई दिली ती पाच लाख रुपये. बारा-तेरा वर्षांची, जन्मभर अंध राहणारी मुलगी, आणि पाच लाख. वडील रक्कम वाढवून मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले. निष्काळजीपणाच नव्हता म्हणून सरकारही गेलं. दोन्ही अपिलं एकत्र चालली. सरकारचं फेटाळलं, वडिलांचं मान्य झालं.

किती मिळालं ते आधी सांगतो. झालेल्या खर्चापोटी 42,87,921 रुपये. पुढच्या खर्चापोटी 1,38,00,000 रुपये. एकूण एक कोटी ऐंशी लाख सत्त्याऐंशी हजार नऊशे एकवीस. मोठा वाटा सरकार आणि रुग्णालयाच्या संचालकांवर, पुढच्या खर्चातले 1 कोटी 30 लाख त्यांच्यावर, आणि दोन्ही डॉक्टरांवर चार-चार लाख.

पहिल्या आकड्याकडे नीट बघा. शेवटी 921 आहेत. गोल आकडा नाही. न्यायालय अंदाजाने देतं तेव्हा पाच लाख, दहा लाख असं देतं. 921 रुपये येतात ते खर्चाचा हिशेब मांडल्यावर. कुणीतरी वर्षानुवर्षं औषधाची, प्रवासाची, तपासणीची प्रत्येक चिठ्ठी जपली, तारखेप्रमाणे लावली आणि तिचा तक्ता कोर्टापुढे ठेवला, त्याचा हा आकडा असणार. माझ्याकडे येणारे आईवडील दवाखान्याची मोठी बिलं आणतात आणि रिक्षाच्या, चष्म्याच्या, फिजिओच्या, मुंबईला दाखवायला गेल्यावरच्या लॉजच्या पावत्या नाहीत म्हणतात. थर्मल कागदावरची पावती वर्षभरात कोरी पडते हेही लक्षात घ्या. मिळाल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या आकड्याचं गणित जास्त मजेशीर आहे, आणि मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. न्यायालयाने मुलीचं आयुर्मान सत्तर धरलं, म्हणजे पुढची 51 वर्षं. महागाईने पैशाची किंमत घसरते, तेव्हा आजची रक्कम पुढच्या काळाला पुरायची तर ती वाढवायला हवी, असं म्हणून चक्रवाढीचं सूत्र लावलं. दर कुठला? 1990-91 ते 2014-15 या काळातला महागाईचा सरासरी दर 6.76 टक्के, असा रिझर्व्ह बँकेचा आकडा निकालातच आहे. पण चढउतार लक्षात घेऊन न्यायालयाने सावधपणे 1 टक्का धरला. 51 वर्षं, 1 टक्का, म्हणजे रक्कम साधारण 1.66 पट होते. उलटं गणित केलं तर मूळ रक्कम 83 लाखांच्या आसपास येते. आता त्याच सूत्रात 6.76 टाकून बघा: साधारण 28 पट, म्हणजे तेवीस कोटींच्या घरात. एवढी रक्कम कुठलंही न्यायालय देणार नाही, आणि देऊही नये, कारण सूत्रातच एक गोष्ट राहून गेलीय. पैसे आज हातात येतात, बँकेत राहतात, त्यांच्यावर व्याज मिळतं. खर्च मात्र एकदम होत नाही, दरवर्षी थोडा थोडा होतो. महागाई धरायची तर व्याजही धरावं लागतं. म्हणून माझ्या मते एक टक्का हा आकडा गणितातून आलेला नाही, तो न्यायाधीशांच्या अंदाजातून आलाय आणि सूत्र त्याला नंतर घातलेला कोट आहे. पण निकाल लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. इजा झालीच नसती तर माणूस जिथे असता, पैशाने शक्य तितकं त्याला तिथे नेऊन ठेवायचं. मोटार अपघातात वर्षाची कमाई वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, ते गुणकाचं कोष्टक अशा प्रकरणाला पुरत नाही, हे कोलकात्याच्या एका मोठ्या प्रकरणात 2013 मध्येच न्यायालयाने म्हटलं होतं.

वकिलांनी यातून काय घ्यावं? भविष्यातल्या खर्चाचा तक्ता स्वतः द्यावा. नुसतं ‘जन्मभराचं नुकसान’ असं लिहून पन्नास लाख मागितले तर पाच मिळतात. अंध मुलीला वर्षाला किती तपासण्या, सोबतीला किती तास माणूस, ब्रेल आणि संगणकाचं काय, विशेष शाळेचं अंतर किती, हे ओळीओळीने, प्रत्येक ओळीला दरपत्रक जोडून.

चार वर्षांनी, डिसेंबर 2019 मध्ये, जवळपास हीच कहाणी दिल्लीतून सर्वोच्च न्यायालयात आली. 32 आठवड्यांचं, दीड किलोचं बाळ, तोच आजार, तीच दृष्टी गेलेली. न्या. उदय लळीत आणि न्या. इंदू मल्होत्रा यांच्या खंडपीठाने 76 लाख दिले. त्यातली विभागणी मला जास्त आवडते: 60 लाख मुलाच्या नावाने ठेव म्हणून, 15 लाख आईला, 1 लाख खटल्याच्या खर्चाला. आईचा वाटा वेगळा काढला. जिने नोकरी, झोप आणि कंबर या मुलापायी घालवलेली असते, तिचं नाव अर्जात बहुतेकदा फक्त ‘अज्ञानपालक’, म्हणजे अल्पवयीन मुलाची पालक, एवढ्यापुरतंच असतं. मूल आणि आईवडील दोघेही ग्राहक आहेत आणि दोघांना वेगवेगळी भरपाई मागता येते, हे 1998 पासून ठरलेलं आहे. तरी माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अर्जांत आईसाठी वेगळी मागणी क्वचितच असते.

आज इथे दाखल करायचं तर

डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात हे 1995 च्या निकालापासून ठरलंय. 2019 चा नवा कायदा आला तेव्हा व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्द नाही म्हणून डॉक्टर सुटले, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात नेला गेला. 2021 मध्ये तो फेटाळला गेला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही. ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच सगळं पूर्ण मोफत आहे ते मात्र कायद्याबाहेर राहतं. काहींकडून पैसे घेत असतील तर तिथला मोफत रुग्णही ग्राहकच.

कुठल्या आयोगात जायचं, यात लोक फार फसतात. पूर्वी मागितलेली रक्कमही त्यात धरली जायची. आता बघतात ते तुम्ही रुग्णालयाला किती पैसे दिले. 50 लाखांपर्यंत दिले असतील तर जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याच्या पुढे राष्ट्रीय. बाळंतपण आणि काचेची पेटी मिळून बिल चार लाख झालं असेल आणि तुम्हाला दोन कोटी मागायचे असतील, तरी जिल्हा आयोगातच जायचं. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही. दिवाणी कोर्टात याच दाव्याला मोठी कोर्ट फी लागेल.

मुदत दोन वर्षांची. इजा दडलेली असेल तर ती कळल्यापासून मोजतात, पण हा आधार सैल आहे. मुंबईत 1993 मध्ये झालेल्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात कापसाचा बोळा राहिला होता, तो नऊ वर्षांनी सापडला. तिची तक्रार 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना तिने त्या डॉक्टरला विचारलंच नाही. मला हा निकाल कडक वाटतो, पण आहे तो आहे. म्हणून ज्या दिवशी पहिल्यांदा शंका आली तो दिवस लिहून ठेवा आणि दोन वर्षं त्याच्यापासून मोजा. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला सज्ञान होईपर्यंत थांबायची सवलत असते खरी, पण अठरा वर्षांनी केस पेपर कुठे मिळणार? रुग्णालयाने ते तीन वर्षं जपावे एवढंच बंधन आहे.

आणि केस पेपर. मागितल्यापासून 72 तासांत प्रत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तोंडी मागू नका. दोन प्रतींत अर्ज करा, एकीवर आवक शिक्का घ्या. मागताना ‘सर्व कागदपत्रं’ असं लिहू नका, नावं लिहा: प्रसूतीचा आलेख, बाळाच्या ठोक्यांची पट्टी, नवजात विभागाची रोजची नोंद, प्राणवायूचा तक्ता, परिचारिकांची वही, डिस्चार्ज कार्ड. परिचारिकांची वही विसरू नका. डॉक्टरांच्या नोंदी कधीकधी नंतर, एका बैठकीत, एका पेनाने लिहिल्यासारख्या दिसतात. परिचारिका मात्र पाळीप्रमाणे, ज्या त्या वेळी लिहितात.

ज्युनियरला हे सगळं सांगून झालं होतं, फुलस्केप अजून टेबलावरच होता, तेव्हा एक जोडपं आलं. काम वेगळंच होतं. मेडिक्लेमवाल्यांनी काचेच्या पेटीचं बिल नाकारलं होतं. पॉलिसीच्या कागदांत डिस्चार्ज कार्डही जोडलेलं होतं. 31 आठवडे, 1400 ग्रॅम, अकरा दिवस प्राणवायू. खाली रबरी शिक्का मारलेला होता, ‘आरओपी तपासणी दिनांक’, आणि त्यापुढची रेघ कोरी. मी विचारलं, बाळ आता किती दिवसांचं? वडिलांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, सव्वीस. हल्ली आपल्याकडे 2000 ग्रॅमच्या आतल्या किंवा 34 आठवड्यांच्या आतल्या बाळाची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत करायला सांगतात.

मी मेडिक्लेमची फाइल मिटवली आणि ओळखीच्या पडदातज्ज्ञांना फोन लावला. दुपारी चारची वेळ मिळाली. वडिलांनी विचारलं, साहेब, फी किती द्यायची? मी म्हटलं, आधी तिकडे जाऊन या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. दोन्ही डोळ्यांत दुसरी पायरी, आठवड्याने पुन्हा बोलावलंय.